सासुरवाडीच्या घाटासाठी लाखभर जास्त मोजायचे का?

पत्र थोडं कापून देतेय, मूळ बरंच लांब आहे आणि त्यातला निम्मा भाग मेव्हण्याबद्दल आहे.

"ताई, नमस्कार. आमची पहिलीच नवी गाडी. मारुतीची फ्राँक्स घ्यायचं नक्की झालंय, डेल्टा प्लस व्हेरिअंट, मॅन्युअल. आता अडकलंय ते इंजिनवर. १.२ पेट्रोल घ्यायचं का १.० टर्बो? आम्ही कराडला राहतो, सासुरवाडी चिपळूणला, महिन्यातून एकदा जाणं होतंच. बायको, मुलगा आणि आई-बाबा असे पाच जण असतो. मित्राच्या १.२ च्या गाडीतून एकदा कुंभार्ली घाट चढलो तेव्हा गाडी पार रडत होती, त्यामुळे मला टर्बोच पाहिजे वाटतंय. बाबा म्हणतात एवढी पॉवर काय नांगराला जुंपायचीये का. मेव्हणा म्हणतो टर्बो तापतो आणि पेट्रोल पितो. मी गाडी शांत चालवतो, दोन हजार आरपीएमच्या वर कधी नेत नाही, इंजिन लवकर खराब होतं म्हणून. लाखभर जास्त द्यायची तयारी आहे, पण उपयोग होईल का? आणि हो, मी स्वतः कंपनीच्या बसने जातो, रोज गाडी बायकोच वापरणार, मुलाची शाळा, मंडई वगैरे. – गोंधळलेला कराडकर"

अहो कराडकर, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही "आणि हो" म्हणून शेवटी चिकटवलंय. त्याच्याकडे मी येणारे, पण आधी घाट उरकू, कारण मला वाटतं तुमचं मन त्या घाटातच अडकलंय.

कुंभार्ली मला चांगला माहितीये. आम्ही बरीच वर्षं सांगलीला होतो आणि ह्यांचं घर गुहागरकडचं, त्यामुळे कराड, पाटण, कोयनानगर, घाट, पोफळी, शिरगाव, चिपळूण हा रस्ता मी मोजता येणार नाही इतक्या वेळा केलाय. या रस्त्याची एक गंमत तुमच्या लक्षात आली असेल बघा. जाताना घाट उतरायचा असतो आणि गाडीत काय, कपड्यांच्या दोन बॅगा आणि पेढ्याचा एक बॉक्स. येताना चढायचा असतो, आणि तेव्हा डिकीत नारळ, तांदळाचं पोतं, कुळीथ, सिझन असेल तर आंब्याच्या दोन पेट्या आणि एखादा फणस, म्हणजे नेमकं चढायच्या वेळी गाडी ओव्हरलोड. सासुरवाडी उलट्या बाजूला असती तर तुम्ही मला पत्र लिहिलंच नसतं.

तर एकदा असंच येत होतो. माझ्याकडे तेव्हा एक १.२ पेट्रोल हॅचबॅक होती, साधं इंजिन, टर्बो-बिर्बो काही नाही. मी चालवत होते, हे शेजारी, मागे सासूबाई आणि मुलं. पुढे जांभ्याचे चिरे भरलेला ट्रक, अगदी पायी चालल्यासारखा, त्याच्या मागे आम्ही धूर खात. मग एका वळणानंतर जरा सरळ पट्टा दिसला, मी इंडिकेटर दिला, बाहेर आले आणि अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला नेला. आणि काहीच झालं नाही. गाडी नुसती हूंऽऽ करत राहिली, ट्रकच्या मागच्या चाकापर्यंत कशीबशी पोचली आणि तेवढ्यात समोरच्या वळणावरनं एसटी. ब्रेक मारला, परत आत शिरले, डिकीत नारळ गडगडले त्याचा आवाज मला अजून आठवतो. गाडीत कुणी काही बोलेना. मग सासूबाई मागनं शांतपणे म्हणाल्या, "अगं, खालचा टाक की. एसटी इथे अशी रडायला लागली की ड्रायव्हर खालचा टाकतो."

सासूबाईंनी आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. पण चाळीस वर्षं त्या घाटातनं एसटीने ये-जा केलेली, कान तयार झालेला. मी तिसऱ्या गिअरमध्ये होते. दुसरा टाकला आणि पुढच्या पट्ट्यावर तीच गाडी, तीच माणसं, तेच नारळ घेऊन आरामात त्या ट्रकच्या पुढे गेले.

आता मला सांगा, तुमच्या मित्राची गाडी रडत होती तेव्हा कुठल्या गिअरमध्ये होती? तुम्हाला माहिती नसणार, पण मी पैज लावते की तिसऱ्यात असणार, आणि एसी फुल.

थोडा हिशोब करू, कंटाळा आला तरी वाचा, लाखाचा प्रश्न आहे. फ्राँक्सचं १.२ इंजिन चार सिलिंडरचं, साधारण ९० पीएस (हॉर्सपॉवरच समजा) पॉवर ६००० आरपीएमला (म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे) आणि ११३ एनएम टॉर्क (फेरा मारतानाचा जोर) ४४०० ला. १.० टर्बो तीन सिलिंडरचं, १०० पीएस ५५०० ला आणि १४७.६ एनएम टॉर्क २००० पासून ४५०० पर्यंत. लोक काय करतात, पहिला आकडा बघतात, ९० आणि १००, म्हणतात दहाचाच तर फरक आहे, किंवा दुसरा बघतात आणि म्हणतात बापरे, टॉर्क तीस टक्के जास्त. दोन्ही आकडे खरेच आहेत, पण तुम्ही ज्या आरपीएमला गाडी चालवता तिथे काय मिळतं ते त्यातनं थेट कळत नाही. कारण पॉवर म्हणजे शेवटी टॉर्क गुणिले आरपीएम. एनएमला आरपीएमने गुणा आणि ७०२३ ने भागा, पीएस मिळतात, मोबाईलवर करून बघा.

दोन हजार आरपीएमला टर्बो देतो १४७.६ एनएम, म्हणजे ४२ पीएस. १.२ चा पूर्ण ११३ टॉर्क दोन हजाराला मिळत नाही, पण आपण उदार होऊन तो पूर्ण धरला तरी ३२ पीएस. म्हणजे तुमच्या त्या लाडक्या दोन हजारावर टर्बो सरळसरळ पुढे. पण तेच १.२ चार हजारावर न्या, साठच्या पुढे पीएस मिळतात, दोन हजारावरच्या टर्बोच्या जवळजवळ दीडपट! आणि ते तुम्हाला फुकट मिळतंय, त्याच इंजिनमध्ये, फक्त तुम्ही "इंजिन खराब होईल" म्हणून तिथे जातच नाही.

मग घाट चढायला लागतात किती? पाच माणसं आणि नारळ-तांदूळ धरून गाडी चौदाशे किलोची समजा, पंधरा फुटांना एक फूट असा चढ, चाळीसचा स्पीड. मी हिशोब केला, सगळं धरून वीस पीएसच्या आसपास येतं. वीस! अहो, मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन सदतीस हॉर्सपॉवरचं होतं आणि त्यात पाच माणसं, वर कॅरिअरला ताडपत्री बांधून अख्खा महाराष्ट्र महाबळेश्वर आणि गणपतीपुळे करून आला. तेव्हा कुणी म्हणायचं नाही की पॉवर कमी आहे, कारण तेव्हा सगळ्यांना घाटात खालचा गिअर टाकायची सवय होती, दुसरा पर्यायच नव्हता.

आणि आता तिसऱ्या गिअरचं बघा, कारण तुमचा मुद्दा इथेच आहे. घाटातल्या वळणावर स्पीड तीसवर येतो, तुम्ही तिसऱ्यातच राहता, इंजिन जेमतेम चौदाशे-पंधराशे आरपीएमला. तिथे १.२ कडे कसेबसे लागतात तेवढेच पीएस असतात, म्हणून ती रडते. आता त्या जागी टर्बो ठेवा. टर्बो कसा चालतो तर सायलेन्सरकडे जाणारा धूर आधी एक पंखा फिरवतो आणि त्या पंख्याच्या जोरावर जास्तीची हवा इंजिनमध्ये कोंबली जाते. धूरच कमी असेल तर पंखा काय फिरणार? त्याचा पूर्ण टॉर्क सुरू होतो दोन हजाराला. चौदाशेला तोही झोपलेलाच असतो, आणि पंखा फिरायला लागेपर्यंत ते एक लिटरचं छोटंसं तीन सिलिंडरवालं इंजिन आहे, बस. म्हणजे चुकीच्या गिअरमध्ये टर्बोसुद्धा रडणार, फक्त तुम्ही लाखभर जास्त देऊन त्याचं रडणं ऐकणार.

हां, दुसऱ्यात टाकलंत, दोन-अडीच हजाराला आलात, की टर्बो मस्त ओढतो, त्याबद्दल वाद नाही. ट्रकच्या मागे अडकलात, पट्टा छोटा आहे, तर टर्बोला इंजिन किंचाळवायला लागत नाही, १.२ ला लागतं. शांत माणसाला ते किंचाळणं आवडत नाही हेही मला मान्य आहे. पण एकदा गरम झालेलं इंजिन चार-साडेचार हजारावर पाच-दहा मिनिटं नेल्याने काही होत नाही हो, ते त्यासाठीच बनवलंय. उलट चढावर वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला, पाय तळाला लावून रेटणं हेच इंजिनाला जास्त त्रासाचं, आणि टर्बो इंजिनाला तर विशेषच. म्हणजे तुमची "दोन हजारच्या वर नाही" ही सवय बदलायला लागणारच आहे, गाडी कुठलीही घ्या.

उंचीचा मुद्दा तुम्ही विचारला नाही पण कुणीतरी सांगेल म्हणून. उंचावर हवा विरळ होते, साधं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के पॉवर गमावतं, टर्बो ते बऱ्यापैकी भरून काढतो. लेह-लडाखला जायचं असेल तर हा मुद्दा मोठा आहे. कुंभार्लीला नाही.

आता बाईंकडे येऊ.

रोज गाडी त्या चालवणार. शाळेची वेळ, दत्त चौक, रिक्षा, वडाप, मधेच उभी राहिलेली स्कूल बस, पहिला-दुसरा, पहिला-दुसरा, क्लच, ब्रेक. आणि तुम्ही मात्र मला महिन्यातल्या एका घाटाबद्दल दीड पान लिहिलंय! शाळेच्या त्या गर्दीत गाडी दहा-पंधराच्या स्पीडला असते, इंजिन हजार ते पंधराशेमध्ये. इथे चार सिलिंडरचं १.२ फार गोड आहे. पाय जेवढा दाबाल तेवढं देतं, क्लच सोडला की हळूच सरकतं, दुसऱ्यात पार हळू झालं तरी धक्का न देता उचलतं. टर्बोमध्ये फ्राँक्सला माइल्ड हायब्रिडची, म्हणजे इंजिनला हातभार लावणाऱ्या छोट्या विजेच्या मोटरची, थोडी मदत असते, त्यामुळे अगदीच मेल्यासारखं होत नाही, पण तरी त्या खालच्या आरपीएमला एक खड्डा जाणवतोच, आणि मग दोन हजाराला एकदम जोर येतो. सवय होते, नाही असं नाही. काही जणांना तोच जोर आवडतो, माझा भाचा त्याच्यासाठीच टर्बो चालवतो, हसत असतो चालवताना. पण पुढे रिक्षा आणि डावीकडे सायकलवरचं पोरगं असताना तो जोर कुणाला हवाय ते बाईंना विचारा. तुम्ही पत्रात बाकी सगळ्यांचं मत लिहिलंय, बाबांचं, मेव्हण्याचं, मित्राचं, पण चालवणारीचं कुठेच नाही. मी दोनदा वाचलं, मला वाटलं माझ्याकडून पान राहिलं की काय.

पैशाचं बोलू. गाडी २०२३ च्या एप्रिलमध्ये आली तेव्हा डेल्टा प्लस मॅन्युअल १.२ ची एक्स-शोरूम किंमत ८.७२ लाख होती आणि त्याच डेल्टा प्लसची टर्बोमध्ये ९.७२ लाख, म्हणजे बरोब्बर लाखाचा फरक फक्त इंजिनचा. नंतर २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, किमती उतरल्या, त्यामुळे आजचे आकडे डीलरकडून कोटेशनवर लेखी घ्या. या १८ टक्क्यात बसायला पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत आणि गाडी चार मीटरच्या आत लागते. फ्राँक्स ३९९५ मिलिमीटर, इंजिनं ११९७ आणि ९९८ सीसीची, दोन्ही बसतात. (१.२ इंजिन नेहमी ११९७-११९८ सीसीचंच का असतं असं मुलाने विचारलं तर हे उत्तर आहे. २००६ च्या बजेटपासून ही बाराशेची रेघ आहे, सगळ्या कंपन्या त्या रेघेला नाक लावून उभ्या आहेत.)

लाखावर रोड टॅक्स आला, आपल्याकडे पेट्रोलला दहा लाखांच्या आत ११ टक्के, म्हणजे आणखी अकरा हजार. पुढे मागे वरच्या व्हेरिअंटचा मोह झाला आणि किंमत दहा लाखांच्या पुढे गेली तर अख्ख्या किमतीवर १२ टक्के, तेवढं लक्षात ठेवा. इन्शुरन्समध्ये मात्र टर्बोवाल्यांची एक मजा आहे जी शोरूममध्ये सहसा कुणी सांगत नाही. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो, पॉवरवर नाही. १ जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता हजार सीसीपर्यंत ६,५२१ रुपये आणि हजार ते दीड हजार सीसीला १०,६४०. म्हणजे जास्त पॉवरच्या टर्बोला चार हजार कमी! अर्थात गाडीची किंमत जास्त म्हणून तिच्या स्वतःच्या विम्याचा भाग वाढतो, त्यात ते बरंचसं निघून जातं, पण कोटेशन बघताना एजंटने दोन्हीला एकच आकडा लावलाय का ते तपासा. मी एकदा पकडलंय.

तर सगळं मिळून एक लाख दहा हजाराच्या आसपास जास्त जाणार. कर्जावर घेताय का ते लिहिलं नाहीये, नऊ टक्क्यांनी पाच वर्षं धरली तर लाखामागे महिना साधारण २,०७५ रुपये हप्ता वाढतो.

पेट्रोलचं मेव्हणा जे म्हणतो ते अर्धं खरं. कागदावर १.२ मॅन्युअल २१.७९ आणि टर्बो मॅन्युअल २१.५, काहीच फरक नाही. कागदावर. प्रत्यक्षात टर्बोचं मायलेज चालवणाऱ्याच्या पायावर असतं, हायवेला शांत चालवला तर छान देतो आणि शाळा-मंडईच्या तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत एकदम खाली येतो. पण तुमचं रनिंगच किती आहे? शाळा-मंडई वर्षाला तीन हजार, चिपळूणच्या बारा फेऱ्या अडीच हजार, पुण्याला चार-पाच वेळा दीड हजार, सगळे मिळून सात हजार किलोमीटर. मी १.२ ला सोळा आणि टर्बोला चौदा धरले, माझा अंदाज हां, आणि पेट्रोल १०५ रुपये, तर वर्षाला सहा-साडेसहा हजारांचा फरक. महिन्याला साडेपाचशे. यावर घरात भांडण करण्यासारखं काही नाही. याच कारणाने सीएनजीच्या नादालाही लागू नका. ते १.२ मध्येच येतं, सीएनजीवर पॉवर ७७.५ पीएसपर्यंत उतरते, आणि डिकीत सिलिंडर बसला की फणस मांडीवर घेऊन घाट चढायला लागेल.

"टर्बो तापतो" हे मात्र जुनं भूत आहे. आजचे टर्बो धड ठेवले तर काही होत नाही. कंपनी सांगते त्याच ग्रेडचं ऑइल, आणि वेळेवर. तुमच्यासारख्या कमी रनिंगवाल्यांची चूक काय होते की "दहा हजार झाले कुठे अजून" म्हणून ऑइल दोन-दोन वर्षं तसंच राहतं. छोट्या फेऱ्यांत इंजिन धड गरम होत नाही, ऑइल लवकर खराब होतं, त्यामुळे वर्ष झालं की बदलायचं, किलोमीटर कितीही होऊ देत. घाट चढून वर आलात आणि कोयनानगरला चहाला थांबलात तर चावी लगेच फिरवू नका, अर्धा-एक मिनिट इंजिन नुसतं चालू ठेवा, बस. १.२ ला हे लाड लागत नाहीत, ऑइलचं सोडून. ते त्यालाही लागतं.

आता एक खोड सांगते कंपन्यांची. फ्राँक्समध्ये १.२ इंजिन डेल्टा प्लसच्या वर मिळतच नाही. झीटा आणि अल्फा फक्त टर्बोत. ३६० कॅमेरा पाहिजे, समोर काचेवर स्पीड दिसणारा तो डिस्प्ले पाहिजे, तर टर्बो घ्या. त्यामुळे सेल्समन टर्बोची टेस्ट ड्राइव्ह देताना हमखास अल्फा देतो आणि घरी येईपर्यंत माणसाला कळत नाही की आपल्याला इंजिन आवडलं का कॅमेरा. तुम्ही सांगा, मला दोन्ही डेल्टा प्लसच पाहिजेत. नाही म्हणाले तर कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे न बघता चालवा.

तसंच ऑटोमॅटिक. बाईंना क्लचचा कंटाळा आहे का, विचारलंत? १.२ ला एएमटी येतो, म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअरचं काम मशीन करतं. तो गिअर बदलताना मान डोलावल्यासारखा झटका देतो आणि घाटात नको तिथे वरचा गिअर टाकतो, मग मॅन्युअल मोडला टाकून चालवायला लागतं. टर्बोला सहा गिअरचा खरा ऑटोमॅटिक येतो, फार छान आहे, पण तो मॅन्युअल डेल्टा प्लसपेक्षा खूपच महाग आणि वरच्याच व्हेरिअंटमध्ये. तेवढं बजेट असतं तर मी डोळे झाकून टर्बो ऑटोमॅटिक सांगितला असता आणि हे सदर अर्ध्या पानात संपलं असतं. तुमचं नाहीये असं पत्रावरनं दिसतं.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यायची ते नीट सांगते कारण एकटा ड्रायव्हर आणि शेजारी सेल्समन, शोरूमच्या बाहेर सरळ रस्त्यावर दोन किलोमीटर, याला काही अर्थ नाही. सेल्समन रिकाम्या गाडीत टर्बोचा जोर दाखवतो, तुम्ही सीटला चिकटता, सही करून मोकळे. साताऱ्याच्या शोरूमला जा. तिथून यवतेश्वरचा घाट जवळ आहे, कासकडे जाणारा, चढही चांगला आहे आणि वळणंही. आई-बाबांना घेऊन जा, सगळे बसा, एसी लावा, आणि १.२ ने चढा. आधी तुमच्या सवयीने चालवा, गाडी रडेल. मग थांबा, परत खाली या आणि दुसऱ्या गिअरमध्ये तीन-साडेतीन हजारावर ठेवून चढा. आवाज येईल, येऊ दे. आईंना विचारा त्रास होतोय का. मग तेच टर्बोने. मग खाली उतरून सातारच्या गर्दीत, राजवाड्याच्या आसपास, दोन्ही गाड्या बाईंच्या हातात द्या आणि तुम्ही मागे बसा. तोंड बंद ठेवून. हे अवघड आहे, माझ्या ह्यांना अजून जमलेलं नाही.

हे सगळं झालं आणि मला विचारलंत तर मी १.२ सांगेन. तुमच्या घरातला महिन्याचा एक दिवस सोडला तर बाकीचे एकोणतीस दिवस ती गाडी जिथे चालणार तिथे १.२ जास्त बरी आहे, आणि त्या एका दिवशी दुसरा गिअर पुरतो. उरलेल्या लाखातनं काय करायचं ते मी सांगायची गरज नाही, पहिली नवी गाडी आहे म्हणताय म्हणजे सीट कव्हरपासनं यादी तयार असणार.

एका गोष्टीने मात्र माझं मत बदलेल. तुमचं पुण्याला जाणं पाच वेळा आहे ते पंधरा-वीस वेळा होणार असेल, म्हणजे बदलीबिदली, किंवा पाच जण बसवून हायवेला लांबचे प्रवास वाढणार असतील, समृद्धीवर एकशेवीसने नागपूरला वगैरे, तर टर्बो घ्या. ऐंशीवरनं शंभर-एकशेदहाला जाताना, चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, गाडी भरलेली असताना जो फरक पडतो तो खरा आहे, आणि तिथे गिअर खाली-वर करत बसायचा कंटाळा येतो. पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागतो, त्यातही टर्बो चौथ्यातनं खाली न येता बराच वेळ ओढतो, आणि रात्री उशिरा दमून येणाऱ्याला त्याचं मोल कळतं.

आणि नुसती हौस म्हणून टर्बो पाहिजे असेल तर तसं सांगा की घरात! त्यात लाजण्यासारखं काय आहे? माणूस आयुष्यात नव्या गाड्या घेतो किती, दोन, फार तर तीन. "मला ती चालवायला मजा येते आणि लाख रुपये माझे आहेत" हे बाबांना सरळ सांगितलं तर ते दोन दिवस कुरकुरतील आणि तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना टर्बो म्हणजे काय ते समजावून सांगत असतील. पण कुंभार्लीच्या नावावर बिल फाडू नका. त्या घाटातनं साखरेचे ट्रक, चिऱ्यांचे ट्रक आणि सासूबाईंची एसटी वर्षानुवर्षं चढतेय.

मेव्हण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय, की त्याने स्वतःची गाडी विकत घ्यायच्या आधी कुणालाच विचारलं नाही आणि आता सगळ्यांना सल्ले देतो, त्यावर मी काही बोलणार नाही, मीही तेच करते. फक्त यवतेश्वरला त्याला बरोबर नेऊ नका. सीट पाचच आहेत, आणि आईंना खिडकीची लागते असं तुम्हीच लिहिलंय.